न ऐकणाऱ्या प्लेटी

"आपण नोकरीत काय करत होतात?" असं कुणी विचारलं की हल्ली मी "कॉलेजात होतो" एवढंच सांगून विषय बदलतो. पूर्वी खरं सांगायचो, की काच फुंकायचो. मग बायका बांगड्यांचा भाव विचारायच्या, पुरुष झुंबराचे लोलक मिळतील का म्हणायचे, आणि एका गृहस्थांनी तर माझ्याकडे बघत हळहळून विचारलं होतं, "एवढं शिकून हेच?" चौतीस वर्षं मी काशीतल्या एका जुन्या कॉलेजच्या विज्ञान विभागात काच फुंकली. त्या चौतीस वर्षांत हे काम नेमकं काय असतं ते मी माझ्या सख्ख्या काकांनाही समजावू शकलो नाही.

काका ब्रह्मा घाटावर याज्ञिकी करायचे. घरी येणाऱ्या प्रत्येक यजमानाला ते अभिमानाने सांगायचे, "आमचा पुतण्या कॉलेजात बाटल्या फुंकतो." त्यातलेच एक नागपूरकर एकदा माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. मुलगा अमेरिकेत, त्याला गंगाजल पाठवायचं, पण बूच नको. बूच म्हटलं की हवा लागते, हवा लागली की पावित्र्य जातं. चहूबाजूंनी काच हवी. आता आत पाणी असलेल्या नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं म्हणजे काय असतं? पाण्याची वाफ होते आणि ती मऊ झालेली काच फुग्यासारखी फोडून बाहेर येते. मी कुपीची मान लांब ठेवली, खालचा भाग ओल्या फडक्यात गुंडाळला, तीन कुप्या फुटल्या, चौथी जमली. नागपूरकरांनी ती उजेडात धरली, डोळे मिटून नमस्कार केला आणि म्हणाले, "यात तुळशीचं पान राहिलं हो."

अशा गिऱ्हाइकांत माझी नोकरी गेली. पण ज्या प्रकरणाने माझं डोकं सर्वांत जास्त उठवलं ते बाहेरच्या माणसांचं नव्हतं. ते आमच्याच विभागाचं होतं, सत्त्याण्णव सालचं.

त्या वर्षी इलेक्ट्रॉनच्या शोधाला शंभर वर्षं होत होती. आमचे विभागप्रमुख मिश्राजी एके सकाळी माझ्या खोलीत आले. ते सहसा येत नसत, कारण भट्टीची धग त्यांना सहन व्हायची नाही. दारातूनच म्हणाले, "सप्रेजी, ज्या नळीवर इलेक्ट्रॉन सापडला, हूबहू तशी नळी बनवायची. शताब्दी समारोहात चालू करून दाखवू. बाहेरून नाही मागवायची, आपल्या हातची. अडीच महिने आहेत, बहुत हैं."

"बहुत हैं" हे ते अशा माणसाच्या सुरात म्हणाले ज्याने आयुष्यात काचेची कांडीसुद्धा वाकवलेली नाही.

नळीबद्दल थोडं सांगायला हवं. काचेच्या नळीतली बहुतेक हवा काढून टाकली आणि दोन टोकांना भारी विजेचा दाब दिला, की ऋण टोकाकडून, म्हणजे कॅथोडकडून, एक अदृश्य झोत निघतो आणि समोरच्या काचेवर आपटून तिथे हिरवट उजेड पाडतो. हा झोत कशाचा, यावर त्या काळी मोठे वाद होते. कुणी म्हणे प्रकाशासारख्या लहरी आहेत, कुणी म्हणे विजेचा भार असलेले कण आहेत. लोहचुंबक जवळ नेला की झोत वळायचा, हे सगळ्यांना दिसलं होतं. पण कण असतील तर विजेच्या दोन प्लेटींमधून जातानाही ते वळायला हवेत, आणि ते काही वळत नव्हते. नामांकित माणसांनी करून पाहिलं होतं, झोत सरळच्या सरळ. शेवटी इंग्लंडातल्या एका प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नळीत उरलेली थोडीशी हवाच खोडा घालतेय. झोतामुळे त्या हवेतही भार तयार होतो आणि प्लेटींचा जोर तिथल्या तिथे मारला जातो. त्याने हवा आणखी काढली, आणि झोत वळला. मग मोजमाप केलं, तर ते कण सगळ्यांत हलक्या अणूपेक्षाही कितीतरी हलके निघाले, आणि धातू कुठलाही घ्या, तेच निघाले. अणूच्या आत काहीतरी आहे, हे जगाला पहिल्यांदा कळलं.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. त्या प्राध्यापकाचे हात म्हणे इतके धांदरट होते की त्याचा मदतनीस त्याला उपकरणांना हात लावू देत नसे. नळ्या सगळ्या त्या मदतनिसाने फुंकलेल्या. पुस्तकात प्राध्यापकाचा फोटो असतो, मदतनिसाचा नसतो.

असो. मिश्राजींनी हे काम डॉ. नीलिमा तिवारी यांच्याकडे सोपवलं होतं. तिवारी मॅडम नव्याच आलेल्या, जागा तात्पुरती, दर वर्षी मिश्राजींच्या सहीने वाढणारी. वय तिशीचं, आवाज बारीक, पण एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की निघायची नाही. रोज सकाळी दहा वाजता त्या नळीचं चित्र घेऊन माझ्या खोलीत हजर. "सप्रेजी, ही फट अर्ध्या मिलिमीटरने मोठी दिसतेय." मी मनातल्या मनात सगळ्या घाटांची नावं म्हणून राग आवरायचो.

पहिली नळी माझ्याच चुकीने गेली. स्टोअरमधून मऊ, म्हणजे कमी तापात वितळणारी, काच मागवली, तर अर्धी एका कारखान्याची आणि अर्धी दुसऱ्याची आली. दिसायला सारखी, पण तापल्यावर फुगणं आणि निवताना आकसणं वेगळं. अशा दोन काचा जोडल्या तर जोड त्या वेळी झकास दिसतो आणि निवताना तडकतो. याची परीक्षा अगदी सोपी आहे. दोन्हींचे तुकडे एकत्र वितळवून बारीक धागा ओढायचा. धागा सरळ राहिला तर काचा जमतात, वाकडा झाला तर नाही. ही परीक्षा मी शेकडो वेळा केली होती. त्या दिवशी केली नाही, कारण स्टोअरवाल्याने काच द्यायला तीन आठवडे लावले होते आणि मी घाईला आलो होतो. दुसऱ्या सकाळी मॅडम समोर उभ्या असताना टिक् असा आवाज झाला आणि गोल फुग्याच्या मानेभोवती तडा फिरला.

"हा आवाज मुद्दाम होता का?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

दुसरी नळी उत्तम झाली. पंपाला जोडली, विजेचा भारी दाब देणारी कॉइल चालू केली आणि नळीच्या टोकावर नखाएवढा हिरवा ठिपका उमटला. चुंबक नेला, ठिपका सरकला. मिश्राजी येऊन बघून गेले, खूश झाले. मग मॅडमनी नळीतल्या दोन प्लेटींना बॅटऱ्या जोडल्या. नऊ व्होल्टच्या पंचवीस बॅटऱ्यांची माळ त्यांनी स्वतः बनवली होती आणि तिच्यावर एक गोल बटण बसवलं होतं. ते फिरवलं की एकेक बॅटरी वाढायची. त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. ठिपका जागचा हलला नाही.

"व्हॅक्युम कमी आहे," मॅडम म्हणाल्या.

"माझे जोड गळत नाहीत," मी म्हणालो.

"मी जोडांबद्दल बोललेच नाही."

पण मला ते जोडांबद्दलच ऐकू आलं. पंपाला जोडलेल्या नळीतली गळती शोधायला एक ठिणगी मारणारी कांडी असते. काचेवरून ती फिरवत जायचं. कुठे सुईएवढं भोक असेल तर ठिणगी नेमकी तिथे ओढली जाते. मी ती मॅडमसमोर इंच इंच फिरवली, एक तास. भोक नव्हतं. विजयाने त्यांच्याकडे बघितलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "मग हवा काचेच्या अंगातूनच येत असेल. काच आणि धातू दोन्ही ओल धरून ठेवतात. पंप चालू ठेवून नळी भाजावी लागेल."

हे बरोबर होतं, आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. या गोष्टीचा राग मला दोन दिवस पुरला.

नळी भाजायची म्हणजे तिच्याभोवती ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांची पेटी उभारायची, आत हीटर लावायचा, आणि सात-आठ तास सतत पंप चालवत हवा उपसायची. सतत! बनारसमध्ये! वीज किती वाजता जाणार हे आमच्याकडे वीजखात्यालाही माहीत नसायचं. आणि आमचा पंप असा जुना, की वीज गेल्यावर त्यातलं तेल उलटं नळीत चढायचं. म्हणून कुणीतरी काचेच्या तोटीवर हात ठेवून उभं राहायचं आणि वीज गेली की त्या क्षणी तोटी फिरवायची. ते कुणीतरी म्हणजे मी.

सकाळी नऊला भट्टी लावली. दुपारी एकपर्यंत पंप एका लयीत चालू होता. तेवढ्यात लल्लन आला. लल्लन आमचा प्रयोगशाळेतला जुना कर्मचारी, माझ्याच बरोबरीचा. "साहब बुलावत हउवन. अबहीं."

"सांग, हात अडकलाय."

तो गेला आणि परत आला. "कहत हउवन, दू मिनट."

मॅडम वर्गावर होत्या. मी लल्लनला तोटीवर हात ठेवायला सांगून मिश्राजींच्या खोलीत गेलो. काम काय होतं? समारोहाच्या कापडी फलकावर 'इलेक्ट्रॉन' शब्द लिहिला होता, त्यात 'ट्र' बरोबर आहे का ते त्यांना माझ्याकडून तपासून घ्यायचं होतं. कारण मी मराठी, आणि माझ्या घराण्यात म्हणे संस्कृत आहे. मी "बरोबर आहे" म्हणालो आणि डोक्यावरचा पंखा थांबला.

मी धावलो. लल्लनने तोटी फिरवली होती. उलटी. तापलेल्या नळीत काळं तेल भरलं होतं आणि खोलीत धुराचा वास पसरला होता. लल्लन रडकुंडीला आला होता, त्याला काय बोलणार? मी पेटीचा पत्रा काढून बाजूला ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन बसलो. मॅडम आल्या, आत डोकावल्या आणि माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. मग त्या म्हणाल्या, "तिसरी किती दिवसांत होईल?"

"सहा दिवस उरलेत."

"म्हणून विचारतेय."

त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. आणि मी उठून ज्योत पेटवली.

तिसरी नळी दोन दिवसांत झाली. धाग्याची परीक्षा मी या वेळी चारदा केली. भाजताना तोटीवर एक हात माझा, तो दुखायला लागला की मॅडमचा. तिसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा तोटी वेळेवर बंद झाली. तुकड्या-तुकड्यांनी पाचेक तास भाजून झालं असेल. समारोहाच्या आदल्या दिवशी सकाळी प्लेटी लावून बघणार, तर कॉलेजचा ट्रान्सफॉर्मरच जळाला. दिवसभर अंधार. मिश्राजींनी दुसऱ्या दिवसासाठी भाड्याने जनरेटर ठरवला, पंखे आणि माइकसाठी. हाच जनरेटर आठवड्यापूर्वी आणला असता तर! मी बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सप्रेजी, चिंता मत कीजिए, मैंने इंतजाम कर दिया है।"

इंतजाम काय होता ते लल्लनने सांगितलं. टेबलाखाली लाकडी फळीवर घोड्याच्या नालेच्या आकाराचा मोठा चुंबक ठेवायचा. मॅडमनी बटण फिरवलं की लल्लनने पडद्याआडून फळी हळूच पुढे सरकवायची. ठिपका हलेल, टाळ्या पडतील. बॅटरीने हलला की चुंबकाने, कुणाला काय कळतंय?

मी मॅडमना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "असं असेल तर मी बटणाला हात लावणार नाही."

"मॅडम, तुमची नोकरी त्यांच्या सहीवर आहे."

"माहीत आहे."

"आणि समजा चुंबक नाही ठेवला, आणि ठिपका नाही हलला?"

"मग सांगेन की नाही हलला. का नाही हलला तेही सांगेन. हलला नाही म्हणूनच तर पुढचं सगळं सापडलं, सप्रेजी."

दुसऱ्या दिवशी, लोक यायच्या आधी मी टेबलाखालचा चुंबक उचलला, माझ्या खोलीत नेऊन अवजारांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. लल्लनला म्हटलं, "साहेबांनी विचारलं तर मी नेला म्हणून सांग." तो म्हणाला, "हम कुछ देखबे नाहीं किए।" निवृत्तीला आठ वर्षं बाकी होती आणि मी प्रमुखांच्या योजनेला कुलूप घातलं होतं.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त न्यायाधीश होते. भाषणं झाली, हार झाले, आणि मंडळी प्रयोगाच्या खोलीत आली. काळे पडदे ओढले. मी पंपाजवळ, पंप आणि कॉइलही त्या जनरेटरवरच. यातही एक जीवघेणी गोम होती. हवा फार काढली तर झोत पेटतच नाही, कमी काढली तर प्लेटी ऐकत नाहीत. मी तोटी केसभर केसभर फिरवत होतो. ठिपका उमटला, हिरवा, स्वच्छ, कडेला अजिबात न फाटलेला. मॅडमनी बटणाला हात घातला. एक बॅटरी. दोन. पाच. मला काही दिसेना, घाम डोळ्यांत उतरला होता. दहा. आणि ठिपका हलला. आधी वाटलं माझ्याच डोळ्यांना भास झाला. पण तो चढत गेला, बटणाच्या प्रत्येक टिचकीबरोबर एक पायरी, चांगला बोटभर वर.

टाळ्या पडल्या. मिश्राजींनी पडद्याकडे बघून समाधानाने मान डोलावली. आणि तेवढ्यात न्यायाधीश महाराज म्हणाले, "तारा उलट्या जोडल्या तर काय होईल?"

जन्मभर उलटतपासणी ऐकलेला माणूस तो! मिश्राजींचा चेहरा पडद्याच्या फटीतून आलेल्या उजेडात मला स्पष्ट दिसला. त्यांच्या योजनेत उलटं काही नव्हतं. "सर, वेळ झालाय, चहा..." असं ते काहीतरी म्हणू लागले, पण मॅडमनी तारा काढून उलट्या लावल्याही होत्या. ठिपका मधोमध आला आणि खाली उतरला. बोटभर.

"नळी कुणी बनवली?" न्यायाधीशांनी विचारलं.

"विभागाने," मिश्राजी म्हणाले.

"सप्रेजींनी," मॅडम म्हणाल्या. दोघं एकाच वेळी बोलले, त्यामुळे बहुधा न्यायाधीशांना कुणाचंच नीट ऐकू गेलं नाही. ते चहाला गेले.

मॅडमचं पुढे काय झालं ते इथेच सांगतो. त्या वर्षी त्यांची मुदत वाढली, पुढच्या वर्षी जागाच रद्द झाली. त्या जबलपूरला मुलींच्या कॉलेजात गेल्या. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हणणार होतो, की तुमच्यामुळे मी माझं सर्वांत चांगलं काम केलं. प्रत्यक्षात म्हणालो, "गाडीत खिडकीची जागा मिळाली का?" ही रुखरुख मला अजून आहे.

पण त्या समारोहाच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. पाहुणे गेले, मी पंप उतरवायला खोलीत परतलो, तर मिश्राजी लल्लनच्या पाठीवर हात मारत होते. "वाह लल्लन! ऐन वेळी चुंबक उलटा फिरवलास. एवढं डोकं तुला आहे हे मला माहीतच नव्हतं."

लल्लन माझ्याकडे बघायला लागला. मी खिशातून कपाटाची किल्ली काढली. "सर, चुंबक सकाळपासून माझ्या कपाटात आहे."

मला वाटलं आता ओरडतील. दोन महिन्यांचा वैताग माझ्याही घशाशी आला होता. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी दहा काढले असते. पण त्यांनी वाकून टेबलाखाली हात फिरवून बघितला. मग नळीकडे बघत म्हणाले, "म्हणजे... खरंच?"

"खरंच."

"परत चालू करा."

मी कॉइल चालू केली. मिश्राजींनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला आणि बटण हातात घेतलं. टिक, टिक, टिक. ठिपका वर. टिक, टिक. खाली. स्वतःच तारा काढून उलट्या लावल्या. पुन्हा. "सप्रेजी," ते वर न बघता म्हणाले, "सत्ताईस साल से पढ़ा रहा हूँ. फळ्यावर काढून. हे कधी पाहिलं नव्हतं."

मी पाच मिनिटं थांबलो. मग म्हणालो, "सर, पंप उतरवायचाय."

"एक मिनट."

दहा मिनिटांनी म्हणालो, "सर, जनरेटरवाला आलाय न्यायला."

"उसको चाय पिलाइए."

मी चरफडत बाहेर आलो. जनरेटरवाला पायरीवर बसला होता, त्याच्या हातात चहाचं कुल्हड दिलं. दार अर्धवट उघडं होतं. आतल्या अंधारात तो हिरवा ठिपका वर जात होता, खाली येत होता, आणि मध्येच मिश्राजी स्वतःशी काहीतरी पुटपुटत होते. जनरेटरवाल्याने मान वाकडी करून आत बघितलं.

"भीतर कउनो फिलिम चलत हौ का?"

"नाही," मी म्हणालो, "साहेब शिकतायत."